आईचे उपकार माझ्या तोंडून

आमच्या घरात देवाचे आभार मानायला कारण लागत नसे. नळाला पाणी आलं की आई म्हणायची, "उपकार, बापा." पाणी आलं नाही की म्हणायची, "उपकार, कालचं भरून ठेवलंया." लहानपणी जेवायला बसलो की प्रत्येकानं दिवसातला एक उपकार सांगायचा आणि मगच घासाला हात लावायचा, असा नियम होता. मी आणि माझा धाकटा भाऊ तो उपकार शाळेतच हेरून ठेवायचो, कारण ऐनवेळी आठवला नाही तर आमटी गार व्हायची. एकदा मी म्हटलं, "आज गणिताच्या बाई आल्या नाहीत म्हणून उपकार." वडिलांनी मिशीत हसू दाबलं. आईनं मात्र गंभीरपणे आमेन म्हटलं आणि वर त्या बाईंना बरं वाटावं म्हणून प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी बाई पहिल्याच तासाला हजर होत्या.

गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकट्याचंच. शेजारच्या वहिनींचं घर शेतकऱ्याचं, दारात म्हशी, आणि त्यांचं आईशी चांगलं जमायचं. त्या आईला चिडवायच्या, "मावशी, तुमचा द्येव लई सोशिक हाय बगा. दिसभर सारकं थँक्यू थँक्यू ऐकून कान किटत न्हाईत व्हय त्येचं?" आई म्हणायची, "तुज्या वाटचं बी मीच म्हंत्ये, म्हनून जरा जास्त हुतंय."

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. रोज त्याच घरात राहणाऱ्याला ते तेवढं गोड वाटत नाही, हे मी आता, पन्नाशी ओलांडल्यावर, सरळ सांगून टाकते.

मागच्या वर्षी नाताळच्या तोंडावर आईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. तो नाताळ आम्ही दवाखान्यातच काढला. घरी आली ती चाकाच्या खुर्चीतून, आणि बोलणं असं झालं की तोंडात विडा धरून कुणी घाईनं काही सांगावं. डॉक्टरांना कळायचं नाही, पुण्याहून व्हिडिओ कॉल करणाऱ्या भावाला कळायचं नाही, शेजारच्या वहिनींना निम्मं कळायचं. मला सगळं कळायचं. कसं ते ठाऊक नाही. बहुतेक ती काय म्हणणार हे मला आयुष्यभर पाठच होतं. त्यामुळे मी तिची दुभाषी झाले. ती बोलायची, मी सांगायची.

मी शिरोली एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. हातमोजे, नटबोल्ट, कटिंगचं तेल, जे ज्याला लागेल ते मोजून द्यायचं. सकाळी अंधारात उठायचं, आईचं अंग पुसायचं, कूस बदलायची, कपडे बदलायचे, वेणी घालायची, भाकऱ्या करायच्या, तिला भरवायचं, आणि मग गाडीवरून नदीच्या पुलापलीकडे कामावर पळायचं. दुपारी वहिनी येऊन तिला जेवायला घालायच्या, पैशाचं नाव काढू द्यायच्या नाहीत. संध्याकाळी परत तेच, उलट्या क्रमानं. कारखान्यातल्या यंत्रांचा धडाधडा आवाज लोकांना नकोसा होतो. मला तो बरा वाटायला लागला होता, कारण त्या आवाजात मला कुणी हाक मारत नसे.

मी दमले होते. हे वाक्य वर्षभरात मी एकदाही कुणाजवळ बोलले नाही. बोललं की आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं दोनच उत्तरं देतात. एक, "देव बळ देईल." दुसरं, "आईची सेवा घडायला भाग्य लागतं." दोन्ही खरीच, म्हणून त्यांच्यापुढे बोलणं खुंटतं.

त्यात ती जेवणाआधीची प्रार्थना. वारं गेल्यावर आईचे उपकार कमी झाले नाहीत, फक्त एकेका शब्दाला वेळ लागायला लागला. गॅसची टाकी आणून देणारा, रिक्षावाला, दवाखान्यातली नर्स, वहिनींची व्यालेली म्हैस, सगळ्यांची नावं घेऊन होईपर्यंत ताटातली वाफ उडून जायची आणि माझा एक डोळा घड्याळावर असायचा. शेवटी मी युक्ती काढली. आईची प्रार्थना संपेपर्यंत भाकरी तव्यावरच ठेवायची आणि आमेन ऐकू आलं की ताटात. स्वयंपाकघरात तव्यासमोर उभी राहून मीही आमेन म्हणायची. त्या आमेनचा अर्थ, चला, एकदाचं झालं, एवढाच असायचा.

रविवारी चर्चमध्ये मी गाणी म्हणायची म्हणजे ओठ हलवायची. "स्तुती करा" असं म्हटलं की मला वाटायचं, हे आणखी एक काम. धुणं, भांडी, औषधं आणि स्तुती. माझ्यात स्तुती उरली नव्हती. देवावर राग होता म्हणावं तर तेवढीही ताकद नव्हती.

आता आमच्या मंडळीची एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. नाताळच्या सकाळी उपदेश झाला की अर्पणाची पिशवी फिरण्याआधी उपकाराची वेळ असते. वर्षात ज्याच्यावर देवानं काही खास कृपा केली, त्यानं उभं राहून ते सांगायचं, आणि प्रत्येक उपकारानंतर सगळी मंडळी एका आवाजात म्हणते, "देवाची स्तुती असो." कुणी आजारी असेल, बोलता येत नसेल, तर घरातल्या दुसऱ्यानं त्याचे उपकार सांगायचे. पण सांगायचे ते त्याच्याच शब्दांत, 'मी' म्हणून. आपल्या पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. जुनी माणसं याबाबतीत फार कडक. एका वर्षी एका बाईच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा तिच्या नवऱ्याला उभं राहावं लागलं. त्या आडदांड माणसानं माईक धरून, खाली मान घालून, सगळ्यांसमोर म्हटलं, "माझा नवरा यंदा दारूला शिवला नाही, त्याबद्दल उपकार." त्याचे कान लाल झाले होते. मंडळी स्तुती असो म्हणताना हसत होती आणि बायको डोळे पुसत होती.

डिसेंबर लागला तसे चर्चचे पाळक घरी आले. तरुण आहेत, नवीन आहेत, सगळ्यांना आजी-आजोबा म्हणतात. आईजवळ बसून म्हणाले, "सलाम, आजी. गेला नाताळ तुमच्याविना गेला. यंदा तुमचे उपकार ऐकायचे आहेत आम्हाला. ताई सांगतील तुमच्या वतीनं."

आईचा अर्धा चेहरा उजळला. दुसऱ्या अर्ध्याला उजळता येत नव्हतं. ती मला म्हणाली, "सांगशील न्हवं?"

मी हो म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. मला भीती वाटली होती, आणि कशाची ते मला नीट ठाऊक होतं.

फार वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं. मिरजेचं स्थळ, शिक्षक, पेटी छान वाजवायचा. त्याच वर्षी वडील गेले. भाऊ शाळेत. लग्न पुढे ढकललं, मग आणखी पुढे, मग तिकडची माणसं थांबून थांबून कंटाळली. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. पुढे वर्षश्राद्धासारखी आमच्याकडे घरी उपकारस्तुतीची सभा असते, तशी वडिलांच्या नावानं झाली. मी आत कपांत चहा ओतत होते. बाहेर आई प्रार्थना करत होती, आणि तिच्या स्वच्छ, खणखणीत आवाजात मी ऐकलं, "लेकीला माज्यापाशी ठिवलीस, बापा, उपकार."

बाहेर सगळे आमेन म्हणाले. मी चहाचे कप भरून बाहेर नेले. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. पण ते वाक्य माझ्यात काट्यासारखं राहिलं. माझं मोडलेलं लग्न हा कुणाचा तरी उपकार होता, हे मला कधी पचलं नाही. आणि आता आईला सगळ्यांसमोर बोलायचं होतं. वर्षभर मी तिचं सगळं करत होते. ती दुसरं काय सांगणार? तेच सांगणार. आणि या खेपेला ते माझ्या तोंडून निघणार होतं: माझी लेक बिनलग्नाची राहिली, मला तिचा आधार झाला, उपकार.

मी तिला विचारून पाहिलं. "आई, काय सांगायचं ते आधी सांग. मी तयारी करते."

"न्हाय. आदी सांगितलं की शिळं हुतंय."

दारावर नाताळची चांदणी लावताना विचारलं. करंज्या भरताना विचारलं. नानकटाईचं पीठ मळून बेकरीच्या भट्टीवर भाजायला नेलं, परत आल्यावर डबा उघडून तिला एक चुरून भरवली आणि तेव्हाही विचारलं. तोंडातली नानकटाई गिळायला तिला वेळ लागला. मग म्हणाली, "तितंच सांगीन." वहिनी मोडलेल्या करंज्या खात बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "आवो, मावशी काय वंगाळ बोलत्यात व्हय कुनाचं? कशाला येवडा घोर लावून घेताय?" त्यांना काय सांगणार? मी मनाशी ठरवून टाकलं की तसं काही बोललीच, तर मी शब्द फिरवीन. मंडळीला तिचं बोलणं कळत नाही. कळतं ते फक्त मला.

नाताळच्या दिवशी भाऊ येणार होता. त्याला सुट्टी मिळाली नाही, नवीन वर्षाला येतो म्हणाला. म्हणजे आईला खुर्चीतून रिक्षात, रिक्षातून खुर्चीत मीच घेतलं. तिला काठाची पांढरी साडी हवी होती, नेसवताना माझ्या कंबरेत उसण भरली. चर्चच्या पायऱ्यांवर मात्र दोघा जणांनी खुर्ची अलगद उचलली. आत माणसंच माणसं, नवे कपडे, अत्तर, लहान मुलांची रडारड, गव्हाणीवर टाकलेल्या पेंढ्याचा वास. ज्याला त्याला सलाम, नाताळ मुबारक करत मी आईची खुर्ची पुढच्या बाकाशेजारी लावली आणि बसले. उपदेश कशावर होता ते मला आठवत नाही. मी बसल्या जागी पेंगत होते.

उपकाराची वेळ आली. कुणाच्या मुलाला नोकरी लागली होती, कुणाचा अपघात टळला होता, कुणाला नातू झाला होता. देवाची स्तुती असो, देवाची स्तुती असो. मग पाळकांनी आमच्याकडे पाहिलं. मी उठून माईक घेतला आणि आईच्या खुर्चीला टेकून वाकले.

आई एकेक वाक्य बोलली, मी ते सांगत गेले.

"मी मेले नाही, त्याबद्दल उपकार." मंडळी हसली आणि म्हणाली, "देवाची स्तुती असो."

"माझा डावा हात मला राहिला. त्यानं मी पोरांच्या तोंडावरून हात फिरवू शकते. उपकार." देवाची स्तुती असो.

"शेजारची सून रोज दुपारी मला घास भरवते. ती या देवळात कधी आली नाही. तिच्याबद्दल उपकार." देवाची स्तुती असो, थोडं मोठ्यानं.

मग आई थांबली. घशातली लाळ गिळली. आणि म्हणाली, "माजी ल्येक."

आलंच ते. मी वाकूनच उभी होते, तिच्या तोंडाकडे बघत.

"माजी ल्येक दमलीया," आई म्हणाली.

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं समजले. पण नाही, तिचं बोलणं समजण्यात माझी चूक होत नाही. माझ्याच्यानं ते सगळ्यांसमोर म्हणवेना. मी सरळ झाले आणि माईकमध्ये म्हणाले, "माझी लेक माझी सेवा करते, त्याबद्दल उपकार."

"देवाची स्तुती असो," मंडळी म्हणाली.

आईनं डावा हात उचलून खुर्चीच्या दांडीवर आपटला. "न्हाय!"

या एका शब्दाला दुभाषी लागला नाही. पहिल्या बाकावरच्या एक वयस्क बाई, ज्या त्या 'मी'च्या नियमाबद्दल सगळ्यात कडक, हळूच मला म्हणाल्या, "बाई, तिचं तिच्याच शब्दांत सांग."

आई परत बोलली, सावकाश, मला पळवाट राहू नये म्हणून एकेक शब्द सुटा करत. आणि मी सांगितलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"माझी लेक दमली आहे," मी म्हणाले. "ती कुणाला सांगत नाही. पण मला उचलताना तिचा श्वास मला ऐकू येतो. मी सगळ्याबद्दल देवाचे उपकार मानत आले. याबद्दल मानणार नाही."

कुणी स्तुती असो म्हटलं नाही. उपकार नसला तर काय म्हणायचं, हे आमच्या पद्धतीत कुठं ठरलेलंच नाही.

मला वाटलं संपलं. मी माईक खाली घेतला. पण आईनं माझं मनगट धरलं होतं, आणि ती बोलतच होती. मी परत वाकले. तिनं जे सांगितलं ते सांगायला मला किती वेळ लागला कोण जाणे.

"एकदा मी देवाला म्हटलं होतं," मी म्हणाले, "लेकीला माझ्यापाशी ठेवलीस, उपकार. ती आत चहा करत होती. तिनं ते ऐकलं हे मला माहीत होतं. ते उपकार मी आज माघारी घेते."

म्हणजे तिला ठाऊक होतं. एवढी वर्षं मी जे गिळून बसले होते, ते तिनंही तसंच गिळून ठेवलं होतं, आणि रोजच्या शेकडो उपकारांतून तेवढा एक तिला बोचत होता. देवाला दिलेले आभार परत घेता येतात की नाही, मला माहीत नाही. पाळकांनाही माहीत नसावं, त्यांच्या चेहऱ्यावरून तसंच दिसलं.

शेवटी पेटीवाल्यानं सवयीनं अर्पणाच्या गाण्याचे सूर धरले आणि सगळी मंडळी उठून उभी राहिली. ओळीतून पिशवी फिरायला लागली. मी माईक दिला, डोळे पुसले, आणि इतरांसारखी उभी राहणार तोच आईनं डाव्या हातानं माझा पदर धरून खाली ओढला.

"बस," ती म्हणाली.

मी बसले. नाताळचं गाणं चालू असताना प्रौढ, धडधाकट बाई बसून राहिलेली मी आमच्या चर्चमध्ये कधी पाहिली नव्हती. चारही बाजूंना लोक उभे होते, त्यांच्या पाठी आणि साड्या एवढंच मला दिसत होतं. आई गात होती. तिचे शब्द त्या गाण्यात कुणाला कळत नव्हते, आणि ते कुणाला सांग असं मलाही कुणी म्हणत नव्हतं. मी मान मागे टेकली आणि डोळे मिटून घेतले.